असुझते हात

"काकू, नुसतं बघून काय कळतंय? हातात धरा की," असं म्हणत चांगदेवनं तो काळा कंट्रोलर हर्षाच्या दोन्ही हातांत बसवला.

नारायणगावात हमरस्त्याला लागून चांगदेवचं टीव्ही-मोबाइलचं दुकान. हर्षा तिथं भर दुपारी बेल्ह्याहून एसटीनं आली होती. घरी सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे बिचारीनं घरातून निघताना जो गाल धरला तो दुकानात शिरेपर्यंत धरलेलाच होता. चांगदेवनं आधी तिला मेडिकल समोरच्या अंगाला आहे म्हणून सांगितलं. मग तिनं गाल सोडला आणि म्हणाली, मला टीव्हीवरच्या गेमचा रिमोट दाखवा.

चांगदेवला बोलायला एवढंच पुरलं. ह्याला वायर नाही, म्हणजे पलंगावर लोळा, खिडकीत बसा, कुठूनही खेळा. एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस बघायला नको. मागच्या बाजूला बारीक रबरी दाणे आहेत, हाताला घाम फुटला तरी निसटायचा नाही. अंगठ्याखाली या दोन काड्या, लोण्यासारख्या फिरतात. गाडी कुठं आपटली तर हातात थरथर होते, खरोखर आपटल्यासारखी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आकार. तीन-तीन तास धरला तरी मनगट दुखत नाही, कारण हातानं त्याला धरायचं नाही, तोच हाताला धरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

हर्षाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती कशी विचारावी हे एसटीत बसल्यापासून तिच्या मनात घोळत होतं.

"भाऊ, यातला असा कुठला आहे, जो हातातनं खाली ठेवावासाच वाटणार नाही?"

चांगदेव बघतच राहिला. त्याच्या दुकानात आया यायच्या त्या भांडायला यायच्या, पोरगं बिघडवलंस म्हणून. ही पहिलीच.

"ह्योच घ्या काकू. पोरगं जेवायला सुदिक उठनार न्हाई."

"नक्की नाही उठणार?"

"लिहून देतो."

त्या एका वाक्यावर हर्षानं तो घेतला. पिशवीत घातला, वर कोथिंबिरीच्या दोन जुड्या टाकल्या आणि परतीची एसटी धरली.

आता हिला हे कुठून सुचलं, ते सांगायला हवं. हर्षाच्या सासऱ्यांचं, जवरीलालजींचं, बेल्ह्याच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. घागरी, परात, दुधाच्या किटल्या, आणि बैलबाजारामुळे बैलांच्या घुंगरमाळासुद्धा. त्यांचे आजोबा मारवाडातून आले ते इथलेच झाले. हर्षाला लग्नानंतर सात वर्षांनी एक मुलगा झाला, संयम. तो एकटाच. पुण्यात इंजिनिअरिंगला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला आणि जेवताना, लोणचं वाढ म्हणावं इतक्या सहज आवाजात म्हणाला, मला दीक्षा घ्यायची आहे.

जैन साधूची दीक्षा म्हणजे घर सुटलं. आई-बाप, नाव, केस, चप्पल, सगळं सुटलं. पांढरी वस्त्रं घालायची, अनवाणी गावोगाव चालायचं, दारोदार गोचरीची भिक्षा मागून खायचं, आणि मरेपर्यंत मागं फिरायचं नाही. जवरीलालजींच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं, त्यांच्या सात पिढ्यांत कोणी दीक्षा घेतली नव्हती. सासूबाई सज्जनबाईंनी गावभर पेढे वाटायचंच बाकी ठेवलं. नवरा अंकित दोन दिवस दुकानात कोणाशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी आज्ञापत्रावर सही करून मोकळा झाला. राहिली फक्त हर्षाची सही. आईच्या आज्ञेशिवाय गुरू दीक्षा देत नाहीत. तेवढा एक धागा तिच्या हातात होता आणि तो तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. दिवाळीपर्यंत थांब, म्हणाली. तो घरीच थांबला. आणि दिवाळी चालून आली होती.

पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिनं कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. त्याला त्या वाटेला लावलं होतं कोणी? तिनंच.

संयम बारावीत असताना दिवसभर त्या गेमला चिकटलेला असायचा. तेव्हाचा कंट्रोलर वायरचा होता. हर्षा कधी वायर उपटायची, कधी तो डाळीच्या डब्यात लपवायची. त्या वर्षी गावातल्या जैन स्थानकात महाराजांचा चातुर्मास होता. त्यांच्या समाजातली कुठलीही आई जे करेल ते तिनं केलं. पोराचा दंड धरून त्याला महाराजांसमोर उभं केलं आणि चार महिने गेमला हात लावणार नाही असा नियम घ्यायला लावला. वर म्हणाली, नुसता घरी बसू नको, रोज तासभर इथं येऊन बस. पोरगं बसलं. आधी तासभर, मग दोन तास, मग महाराज पुढच्या गावी निघाले तर त्यांना पोचवायला आळेफाट्यापर्यंत चालत गेलं.

त्या चार महिन्यांतली एक दुपार तिला पाठ होती. बाहेर झड लागली होती, कॉलेजला सुट्टी, पोरगं खिडकीशी नुसतं बसलेलं. तिला त्याची दया आली. डाळीच्या डब्यातून तिनं स्वतः कंट्रोलर काढला आणि म्हणाली, खेळ थोडा वेळ, मी कोणाला सांगणार नाही. तो हसला होता. म्हणाला, "मम्मी, पण मला कळेल ना." आपलं पोर किती गुणाचं, म्हणून त्या रात्री तिचा ऊर भरून आला होता. आता तेच वाक्य आठवलं की ती हातातलं काम सोडून उठायची.

हातातलं काढून तिनं त्याला तिकडं पाठवलं होतं. म्हणून तेच पुन्हा हातात द्यायचं, जरा जास्त चांगलं, जास्त मऊ, खाली ठेवताच येणार नाही असं. बुडणाऱ्या बाईचं हे शहाणपण होतं, त्याला हसू नये.

संयमनं खोका उघडला तेव्हा हर्षा दारात उभी राहून पदराच्या टोकाला गाठी मारत होती. तो चिडला असता तर बरं, रडला असता तर त्याहून बरं. तो खूश झाला. "अरे, हा तर भारी आहे," म्हणाला. माळ्यावरून गेमची काळी पेटी काढली, टीव्हीला जोडली, आणि तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. तू पण खेळ, म्हणाला.

सबंध दुपार मायलेक गाड्या पळवत होते. तिची गाडी सारखी डोंगरावर आपटायची आणि हातातला कंट्रोलर थरथरला की ती दचकून सोडून द्यायची. मग तो तिच्या हातांवर आपले हात ठेवून शिकवायचा. घट्ट नको धरू, मम्मी. तळव्यांत नुसता राहू दे. अंगठे वर, बाकी बोटं ढिली. हां, असं. वीस वर्षांच्या पोराचे हात एवढा वेळ आईच्या हातावर कधी असतात? हर्षानं मुद्दाम आणखी चार वेळा गाडी आपटली. खालून सज्जनबाई चहासाठी ओरडत होत्या, तिला ऐकूच आलं नाही. झालं काम, तिच्या मनात आलं, पोरगं परत आलं. चांगदेवला पेढे न्यायचे असं तिनं मनात ठरवूनही टाकलं.

दिवेलागणीला त्यानं पेटी बंद केली, कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला.

"फार छान आहे गं. हातात काही आहे हे कळतच नाही."

"मग खेळ की. उद्या पण खेळ."

"खेळलो असतो." तो पेटीची वायर गुंडाळायला लागला. "पूर्वी तू हातातनं काढून घ्यायचीस ना, तेव्हा जीव जायचा माझा. आज ठेवताना काही वाटलंच नाही. मला तेच बघायचं होतं."

हर्षानं त्याच आठवड्यात सही केली. का केली, हे तिला कोणी विचारलं तर सांगता आलं नसतं. धरण्यासारखं काही उरलंच नाही, एवढंच तिला समजलं.

दीक्षा मंचरला झाली. वरघोडा निघाला, त्या मिरवणुकीत संयम नवरदेवासारखा सजून बसला होता आणि आपल्या वस्तू दोन्ही हातांनी लोकांत उधळत होता. घड्याळ, शर्ट, पेनं, पुस्तकं. हर्षाला वाटलं, कंट्रोलरही जाणार. पण तो त्यानं आदल्या दिवशीच तिच्याकडं दिला होता. तू आणलायस, तुझा आहे, म्हणाला. आणि नेहमीसारखं, कामाचं सांगावं तसं बजावलं, की महिन्यातून एकदा तरी चार्ज करत जा, नाहीतर आतला सेल मरतो. त्यानंतर मुंडन झालं, पांढरी वस्त्रं आली, तोंडाला मुहपत्ती बांधली गेली, आणि समोरच्या मुलाचे फक्त डोळे तिच्या ओळखीचे राहिले. त्याला नवं नाव मिळालं. ते तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

घरी आल्यावर हर्षा दर पुनवेला कंट्रोलर चार्ज करायची. एकही पुनव चुकली नाही. चार्ज झाला की बटण दाबायचं, निळा दिवा लागायचा, मग अंगठे वर, बाकी बोटं ढिली, असा तो तळव्यांत धरून ती पलंगाच्या कडेला बसायची. टीव्ही बंदच. डाव्या काडीचं रबर त्या एका दुपारीत थोडं घासलं होतं असं तिला वाटायचं. खरं म्हणजे एका दुपारीत काही घासत नाही. सज्जनबाईंनी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा बोलल्या, की एवढा मोह चांगला नाही, तिकडं त्याच्या साधनेला बाधा येते, देऊन टाक ते कोणालातरी. तेव्हापासून ती लपवून बसायला लागली.

भांडी घासायला येणारी लंकाबाई मात्र एकदा स्पष्टच बोलली. ती मूळची घाटघरची, कांदे लावायच्या टोळीबरोबर इकडं आली आणि इथंच राहिली.

"वैनी, माझा ज्ञानेश्वर चाकणला कंपनीत हाय. लगीन न्हाई, दीक्षा न्हाई, काय न्हाई. तरी बी दोन वर्सं झाली त्वांड दाखवलं न्हाई त्यानं. तुमचं तर सांगून सवरून गेलं."

हर्षाला त्या दिवशी पहिल्यांदा थोडं हसू आलं. पण ते तेवढ्यापुरतंच.

सव्वा वर्षानं माघात निरोप आला. महाराज पंधरा-वीस दिवसांत मंचरवरून चालत निघतील, आळेफाट्यावरून बेल्ह्याला एक मुक्काम करतील आणि पुढं पारनेरकडं जातील, मग तिकडून दूर राजस्थानात. सोबत संयमही. पुन्हा या बाजूला कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. एक दिवस. त्या एका दिवसात एकदा तो दारात येईल, झोळीतलं पात्र पुढं धरील आणि तिच्या हातचं अन्न त्यात पडेल. हर्षाला दुसरं काही नको होतं. मांडीवर डोकं नको, मम्मी म्हणायला नको. माझ्या हातचा एक फुलका त्याच्या पोटात जाऊ दे, एवढंच ती रोज देवापुढं नाही तर चुलीपुढं मागत होती.

साधूंसाठी म्हणून काही वेगळं रांधायचं नाही, हा नियम. घरच्यांसाठी जे झालं असेल त्यातलंच थोडं ते घेतात. हर्षानं त्यावरही तोड काढली. संयमला बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आवडायची. निरोप आल्या दिवसापासून तिनं घरात रोज गट्टे करायला सुरुवात केली, म्हणजे त्या दिवशीचे गट्टे त्याच्यासाठी केले असं कोणाला म्हणता येऊ नये. वीस दिवस. जवरीलालजींचं पोट बिघडलं. अंकित ताटाकडं बघून नुसता सुस्कारा सोडायचा.

तो दिवस उजाडला. आदल्या रात्री पुनव होती. सज्जनबाई सकाळपासून सेनापतीसारख्या घरभर फिरत होत्या. कारण नियम आणखीही होते आणि चूक एकाची झाली तरी सगळं घर वाया जायचं. वाढणाऱ्याचा हात ओला नको, कच्च्या भाजीला, मिठाला लागलेला नको. अंगावर सेलचं घड्याळ नको, मोबाइल नको, विजेचं चालतं काहीही नको. तसं असेल तर ती बाई असुझती. असुझत्या हातचं साधू घेत नाहीत, आणि एकदा वाढणारी असुझती निघाली की त्या दिवशी त्या घरातून ते तसेच मागं फिरतात. सज्जनबाईंनी सगळ्यांचे मोबाइल गोळा करून खाली दुकानाच्या गल्ल्यात टाकले. अंकितच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. फ्रिजला पाठ लावून कोणी उभं राहू नये म्हणून त्याच्यासमोर पाट आडवा ठेवला. लंकाबाईला सांगितलं, आज अकरापर्यंत नळाला हात लावायचा नाही.

हर्षाचे हात सकाळपासून कापत होते. फुलके लाटताना लाटणं दोनदा निसटलं. सगळं रांधून झाल्यावर ती दोन मिनिटं टेकायला आतल्या खोलीत गेली. रात्री चार्जिंगला लावलेला कंट्रोलर पलंगापाशी होता. तिनं वायर काढली, बटण दाबलं, निळा दिवा लागला. तळव्यांत धरला की हात स्थिर व्हायचे, हे तिला एव्हाना ठाऊक होतं. झालेही. तेवढ्यात सज्जनबाई दारात. हर्षानं लपवायच्या घाईत तो कमरेला निऱ्यांशी खोचला आणि वर पदर ओढला. सज्जनबाई म्हणत होत्या, "ऊठ, आले, जिना चढतायत." हर्षा धावली. त्या पावलांशिवाय जगातलं दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं.

दोघं होते. पुढं वयस्क महाराज, मागं तो. वाळला होता. पायांच्या टाचा फुटून काळ्या पडल्या होत्या आणि डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. हर्षानं वाकून वंदना केली. पोटच्या पोरापुढं डोकं टेकवताना काय होतं, ते शब्दांत सांगायची सोय नाही. त्यानं तिच्याकडं पाहिलं, जसं जवरीलालजींकडं पाहिलं तसंच, शांतपणे, आणि नजर खाली घेतली.

वयस्क महाराजांनी रीतीप्रमाणे विचारलं, सगळं सुझतं आहे ना? सज्जनबाईंनी हात जोडून सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, सुझतं आहे, पधारावं.

आतल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यानं झोळी सोडली आणि लाकडी पात्र काढलं. हर्षा फुलक्यांच्या डब्याकडं वाकली. तेव्हा कमरेशी काहीतरी टोचलं.

कंट्रोलर तिथंच होता. फुलका हातात, पदराखाली सेल, सेलवर निळा दिवा. पदर जाड होता, दिवा कोणाला दिसत नव्हता. सुझतं आहे असं सासूबाई सांगून चुकल्या होत्या. तिला खोटं बोलावंसुद्धा लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं आणि हात पुढं करायचा, बस. दोन हातांच्या अंतरावर पात्र होतं. कोणाला कळणार होतं? अहो, सव्वा वर्ष रोज जीव जाळला होता तिनं, वीस दिवस गट्टे केले होते. एक फुलका. देव असेल तर त्यालाही एवढ्या एका फुलक्याचं काय पडलं असणार?

तिनं हात पुढं केला, आणि पात्राकडं तिची नजर गेली. त्यानं ते दोन्ही हातांत धरलं होतं. घट्ट नाही. तळव्यांत नुसतं राहू दिलेलं. बोटं ढिली, आणि दोन्ही अंगठे वर, काठावर.

मम्मी, पण मला कळेल ना.

"मी असुझती आहे," हर्षा म्हणाली.

कोणाला आधी ऐकूच आलं नाही. सज्जनबाई काहीतरी म्हणायला गेल्या. हर्षानं फुलका डब्यात परत ठेवला, पदर बाजूला केला आणि कंट्रोलर काढून दोन्ही हातांवर धरला. निळा दिवा चालू होता.

"सेल आहे याच्यात. चालू आहे. माझ्या अंगावर होता." तिनं तो महाराजांना दिसेल असा वर धरला. "त्यांचाच आहे."

आपल्या मुलाला तिनं 'ते' म्हणण्याची ती पहिली वेळ.

वयस्क महाराजांनी एकदा तिच्याकडं, एकदा त्या वस्तूकडं पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, बाई. आवाजात राग नव्हता. ते वळले. संयमनं पात्र झोळीत ठेवलं, गाठ मारली. ती मारताना त्याला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला असं हर्षाला वाटलं, पण आईला काय, काहीही वाटतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर तो क्षणभर थांबला.

"दया पाळा, बाई," तो म्हणाला. साधू कोणालाही देतात तोच आशीर्वाद.

मुहपत्तीआडून आलेला, तोच आवाज. लोणचं वाढ म्हणणारा. अनवाणी पावलं जिना उतरून गेली. थोड्या वेळानं शेजारच्या घरातून पधारो, पधारो असा गलका ऐकू आला आणि भांड्यांची झाकणं वाजली.

सज्जनबाई जे बोलल्या ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. दारात आलेलं पुण्य लाथाडलंस, पोराला उपाशी घालवलंस, त्या खेळण्यापायी. हर्षा भिंतीला टेकून ऐकत होती आणि तिला त्यातला एकही शब्द खोटा वाटत नव्हता. जवरीलालजी पाटावरून उठताना एवढंच म्हणाले, सून खरं बोलली. अंकितनं आपलं ताट वाढून घेतलं. वीस दिवस ज्याकडं बघून तो सुस्कारे सोडत होता ती गट्ट्याची भाजी त्यानं मान खाली घालून, एकट्यानं, पातेलं पुसून संपवली.

अकरा वाजून गेल्यावर लंकाबाई नळ सोडायचा का म्हणून विचारायला आली. तिनं हर्षाचा चेहरा पाहिला. पाणी आणून दिलं आणि ती पिईस्तोवर समोर बसून राहिली.

कंट्रोलर ओट्यावर होता. तो बंद करायचं भान कोणाला नव्हतं. न खेळता पडून राहिला की थोड्या वेळानं तो आपोआप विझायचा, तसा विझला. हर्षानं तो उचलून वायरीसकट खोक्यात घातला आणि खोका माळ्यावर सरकवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर महाराज निघाले. गावातली वीस-पंचवीस माणसं पोचवायला निघाली, त्यात हर्षाही, अनवाणी. सज्जनबाई अबोला धरून पुढं चालत होत्या. बाजाराचा दिवस होता. बैलांनी भरलेले टेम्पो समोरून येत होते आणि दर टेम्पोला सगळे रस्त्याच्या कडेला थांबत होते. गावाच्या शिवेशी महाराजांनी मांगलिक पाठ म्हटला, सगळ्यांनी हात जोडले, आणि दोन पांढरे आकार पारनेरच्या रस्त्याला लागले. एक टेम्पो धुरळा उडवत मधून गेला. धुरळा खाली बसेपर्यंत ते वळणावर पोचले होते.

लोक परतले. हर्षा उशिरा दुकानावर आली तेव्हा अंकितची तारांबळ उडाली होती. डिंगोऱ्याहून आलेलं एक म्हातारं गिऱ्हाईक घुंगरमाळ बघत होतं. बैल नवा घेतला होता. हर्षानं खुंटीवरून माळ काढली आणि त्याच्यासमोर धरली. म्हातारा म्हणाला, जरा हालवा की बाई, आवाज कळू द्या.

हर्षानं हातांकडं पाहिलं. माळ तळव्यांत नुसती राहिली होती, बोटं ढिली, अंगठे वर. तिनं मूठ घट्ट केली आणि माळ हलवली.